टिंबाची पितळी थाळी

प्रकरण पहिले : पत्र्याचा खडखडाट

सोमवारी सकाळी आठ वाजता मी छापखान्याचे कुलूप काढले, तेव्हा आत कसलातरी खडखडाट चालू होता. यंत्राचा तो आवाज नव्हे, कारण यंत्र चालवणारा अद्याप आलाच नव्हता. खिळ्यांच्या कप्प्यांची जी उंच मांडणी आहे, तिच्या खालून तो येत होता. मी वाकून पाहिले.

आमचा कुत्रा टिंब कुशीवर पडला होता. त्याचे चारही पाय हवेत पळत होते आणि दर वेळी नखे पत्र्याच्या ट्रेवर आपटत होती. जबडा एकसारखा चालत होता. न दिसणारे काहीतरी तो चावीत होता म्हणा ना. तोंडाशी फेस. डोळे सताड उघडे, परंतु त्या डोळ्यांनी मला ओळखले नाही. नऊ वर्षांत असे प्रथमच घडले.

टिंब अंगाने काळा कुळकुळीत आणि कपाळावर एकच पांढरा ठिपका, म्हणून हे नाव. मी या छापखान्यात एकवीस वर्षे शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरे, जुळवीत आहे. शाळा चौथीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते लोकांची पुस्तके उलट्या अक्षरांत जुळवताना झाले. मालकांची, त्या वेळी सहा वर्षांची, कन्या ठकी मला ‘खिळेकाका’ म्हणते, आणि तिच्यामुळे आता सगळेच तसे म्हणतात.

आवाज ऐकून मालक वरच्या मजल्यावरून धावत आले. छापखाना खाली आणि बिऱ्हाड वर, अशी आमची रचना आहे. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “विष घातलंय कुणीतरी.”

एवढ्यात यंत्र चालवणारा दारात येऊन उभा राहिला. आम्ही त्याला उस्ताद म्हणतो. त्याच्या डाव्या पोटरीवर अजून पट्टी होती. दीड महिन्यापूर्वी टिंब त्याला चावला होता, आणि ती जखम चिघळली होती. त्या दिवशी उस्ताद सर्वांसमक्ष म्हणाला होता, “एक दिवस या कुत्र्याला कायमचा गप्प करतो की नाही बघा.”

मालकांनी त्या पट्टीकडे पाहिले. मग उस्तादाच्या तोंडाकडे. टिंबाचे पाय हळूहळू थांबले, आणि त्याच वेळी जिन्यावरून ठकीचा आवाज आला, “बाबा, माझ्या पोटात परत दुखतंय.”

प्रकरण दुसरे : वजाबाकी

जनावरांच्या डॉक्टरीणबाई साठीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, आणि बोलायला सडेतोड. त्यांची एक लकब मी लगेच हेरली. प्रश्न विचारला की त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नसत, त्याच्या हातांकडे पाहत.

त्यांनी टिंबाचा ताप पाहिला, कानातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजली, हिरड्या पाहिल्या, पोट दाबले. पोट दाबताच टिंब कण्हला.

“विषच ना?” मालकांनी विचारले.

“घाई काय आहे? कुत्र्याला झटके यायला पंधरा कारणं असतात. एकेक वजा करत जाऊ.” त्या जमिनीवरच बसल्या. “जन्माचं फेपरं असतं तर ते तरुणपणीच दिसलं असतं. याचं वय?”

“नऊ,” मी म्हणालो.

“मग ते कठीणच. व्यायलेल्या कुत्रीच्या अंगातला चुना दुधावाटे जातो, मग ती थरथर कापते. पण हा पडला बोका.”

“बोका?” ठकी मालकीणबाईंच्या पदराआडून म्हणाली.

“नर गं बाई. चुकले. साखर उतरली तरी झटके येतात, पण साखर ठीक आहे. ताप नाही, नाकाडोळ्यांतून पाणी नाही, लस टोचलेली, म्हणजे तो पिल्लांचा साथीचा आजारही नाही. डोक्याला मार?”

“नाही.”

“हे आजच सुरू झालं?”

इथे मला सांगणे भाग पडले. दीड महिन्यापासून टिंब अन्न टाकीत होता, मधूनमधून ओकत होता. तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी त्याचा ओठ आणि कान फडफडू लागले, माशी बसल्यासारखे. नंतर दहा-बारा दिवस तो एकदम बरा झाला, चेंडूमागे धावू लागला. आणि गेल्या आठवड्यापासून पुन्हा तेच.

“मग पिसाळलेला नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते दुखणं असं मागेपुढे करत नाही, थेट नेतं. आणि झटपट मारणारी विषंही वजा करा. ती तासा-दोन तासांत काम उरकतात. महिना-दीड महिना कळ काढील असा खुनी मी तरी पाहिला नाही.”

“म्हणजे विष नाही?” मालक.

“विष आहे. विष घालणारा आहे की नाही, ते माहीत नाही.” त्यांनी काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरला व ती कागदात गुंडाळली. मग ठकीकडे वळल्या. ती टिंबाच्या शेपटीपाशी मांडी घालून बसली होती, चेहरा फिकट, डोळ्यांखाली काळे. “हिला काय होतंय?”

“पोटात दुखतं, जेवत नाही, चिडचिड करते,” मालकीणबाई म्हणाल्या. “डॉक्टरांनी जंताचं औषध दिलंय.”

“टिंबाला नावं कशाला ठेवता?” ठकी उगाचच म्हणाली. “तो काही घाण खात नाही. मी पण नाही खात. माझी पूड गोड असते. बाबांची तिखट.”

“खेळण्यातलं बोलते काहीबाही,” मालकीणबाईंनी तिला उठवले.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी आवरली. मग हळू आवाजात मालकांना म्हणाल्या, “कुत्रा वाचेल असं मी म्हणत नाही. पण ते विष मला सापडायलाच हवं, आणि ते कुत्र्यासाठी नव्हे. हा जिथे लोळतो तिथेच तुमची पोर बसते. त्याला जे मिळालं ते तिला मिळायला एक हात पुरतो.”

प्रकरण तिसरे : उस्ताद

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, आणि यंत्र बंद करवून त्यांनी उस्तादाला स्टुलावर बसवले. मी माझ्या जागी उभा राहून काम करीत होतो. जुळवण्याचे काम कसे चालते हे इथे सांगितले पाहिजे. डाव्या हातात लोखंडी पट्टी, तिच्यात एकेक खिळा उभा करीत ओळ भरायची. ओळ पक्की होईपर्यंत पट्टी खाली ठेवता येत नाही, ठेवली तर अक्षरे सांडतात. चिमटा दातांत. अशा वेळी आम्ही कोणाशी बोलत नाही व मान वळवीत नाही. मात्र कान उघडे असतात.

“तुम्ही म्हणालात, त्याला कायमचा गप्प करीन.”

“म्हणालो,” उस्ताद म्हणाला. “बाई, तुम्हाला चावला असता तर तुम्ही आरती ओवाळली असती का?”

“मी गेली पस्तीस वर्षं चावून घेतेय. विष घातलंत?”

“नाही.”

“मधे तुम्ही रजेवर होता म्हणे.”

“बारा दिवस. धाकटीचं लग्न होतं.”

मालक हिशेबाच्या टेबलामागून उसळून म्हणाले, “तेच मी सांगतोय. हा गेला तेव्हा कुत्रा ठणठणीत. हा आला, दोन दिवसांत पुन्हा तेच. अजून काय पुरावा हवा?”

उस्तादाने मान खाली घातली. त्याचे हात मांडीवर पालथे पडले होते, शाईने निळेकाळे, नखे कडेपर्यंत काळी. डॉक्टरीणबाईंनी ते हात निरखले आणि विचारले, “दोन महिन्यांत इथे नवीन काय सुरू झालं?”

“भट्टी,” उस्ताद म्हणाला. “मागच्या अंगणातल्या खोलीतली. झिजलेले खिळे वितळवून आम्ही पट्ट्या ओततो. दोन वर्षं बंद होती, आता परत पेटवली. आठवड्यातून दोनदा. ओततो मी, आवरतात खिळेकाका.”

“आवरतात म्हणजे?”

“खालच्या लाकडांची राख एका डब्यात, आणि वितळलेल्या शिशावर जी करडी साय येते ती झाऱ्याने काढून दुसऱ्या डब्यात. साय धातूवाल्याला परत जाते. दोन्ही डबे खोलीतच, दाराशेजारी. पण कुत्रा तिथे जाऊच शकत नाही. खोलीला कुलूप असतं.”

त्याच वेळी मालकांच्या आत्याबाई पाठीमागच्या दाराने आल्या. ऐंशीच्या घरात आलेल्या, दात एक नाही, परंतु पायांत वारा. त्यांना बघून कोणी बोलणे थांबवीत नाही, त्या घरातल्याच. त्यांनी माझ्या कमरेची किल्ली सोडवून घेतली, अंगणात गेल्या आणि थोड्या वेळाने एक तांब्या पदराखाली धरून परतल्या.

“यंदाची राख जड आहे हो बाबा,” किल्ली माझ्या कमरेला अडकवीत त्या म्हणाल्या. “मनगट धरतं. पण भांडी कशी आरशासारखी निघतात.”

मी चिमटा दातांत धरूनच हसलो.

“आत्या, जरा थांब, इथे चौकशी चाललीय,” मालक म्हणाले.

“चालू दे. मी कुठे तुझी चौकशी पळवून नेते?” असे म्हणून त्या वर निघून गेल्या.

डॉक्टरीणबाई अंगणात जाऊन आल्या. त्यांनी कुलूप हलवून पाहिले. ते मजबूत होते.

प्रकरण चौथे : निळी वडी आणि काळे पितळ

शेजारच्या शिंप्याचे दुकान आणि आमचा छापखाना यांत एकच भिंत. टिंबाच्या भुंकण्यावरून त्याची दोनदा तक्रार आलेली. त्याच्या दुकानामागे उंदरांची निळी वडी पडलेली मालकांनी स्वतः पाहिली होती. त्यामुळे डॉक्टरीणबाई मला घेऊन तिकडे गेल्या.

शिंपी मशीनवरून उठला नाही. “मी कापडाला सुई टोचतो, जनावराला नाही,” तो म्हणाला. “वडी ठेवली, खरं आहे. उंदरांनी एका साहेबाचा कोट खाल्ला. पण ती कपाटाखाली ठेवली होती, एक कशी बाहेर आली माझं मला कळत नाही. ही बघा, बाकी मोजून अकरा आहेत. डब्यावर बारा लिहिलंय.”

डॉक्टरीणबाईंनी डबा वाचला. “ही वडी रक्त पातळ करते. कुत्र्याने खाल्ली तर नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. झटके नव्हेत. आणि बारावी वडी अंगणात जशीच्या तशी पडलीय, दाताची खूणही नाही.” मग त्याच्या हातांकडे पाहून म्हणाल्या, “भुंकणं नको होतं ना तुम्हाला?”

“नको होतं,” शिंपी म्हणाला. थोडे थांबून त्याने पाय मशीनवरून काढला. “काल रात्रभर तो भुंकला नाही. मला झोप लागली नाही. असं का ते विचारू नका.”

तिथून आम्ही वर गेलो. मालकीणबाई स्वयंपाकघरात ठकीला पेज पाजण्याचा प्रयत्न करीत होत्या. ठकी तोंड फिरवीत होती. ओट्यावर टिंबाची पितळी थाळी उपडी घातली होती. तीत माझा चेहरा दिसला.

“कुत्र्याला तुम्हीच वाढता?”

“मीच. पण तुम्हाला वाटेल तसं नाही हो. मला त्याचे केस घरभर नको होते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी काही...” त्यांनी पेज बाजूला ठेवली. “लेक त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपते. त्याला कसं काय करीन मी?”

“तो मधे दहा-बारा दिवस बरा होता. तेव्हा घरात काय निराळं होतं?”

“काही नाही. उस्ताद नव्हते, एवढंच. ठकीचं पोटही तेव्हा दुखत नव्हतं. आत्याबाई बहिणीकडे होत्या, म्हणून कामाचा ढीग माझ्यावर.” त्यांनी थाळीकडे बोट केले. “त्या आल्या आणि आल्या आल्या टोमणा. ‘बारा दिवस घर सोडलं तर पितळ काळं पडलं गं बाई.’ मी साबणाने धुते, त्यांना ते पटत नाही. आमची सगळी भांडी स्टीलची, पितळी दोनच, ही थाळी आणि ठकीचा पेला. ती दोन त्या कोणाला हात लावू देत नाहीत.”

डॉक्टरीणबाईंनी थाळी उचलली, कडेवरून बोट फिरवले आणि ते बोट उजेडात धरून पाहत राहिल्या. मग त्यांनी ते रुमालाला पुसले व रुमाल पिशवीत ठेवला. जिन्यात मला म्हणाल्या, “खिळेकाका, उद्या सकाळपर्यंत ही थाळी आणि तो पेला कुलपात ठेवायला सांगा. का, ते आता विचारू नका. माझी चूक होत असेल तर एका निरपराध माणसाचं नाव जाईल.”

ते नाव कोणाचे, हे मी त्या रात्री पुष्कळ वेळा स्वतःला विचारले. माझे स्वतःचे नाव काही सुचले नाही.

प्रकरण पाचवे : निळे ठिपके

बुधवारी पहाटे टिंब गेला. शेवटचे झटके फार वेळ चालले. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. ठकीला सांगितले की तो दवाखान्यात आहे.

डॉक्टरीणबाई नऊ वाजता आल्या. मालकांनी त्याआधीच उस्तादाला बोलावून त्याचा डबा आणि छत्री हातात दिली होती, आणि पोलिसांकडे जाण्यासाठी स्वतःचे जोडे घालीत होते.

“पाच मिनिटं थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “रक्त मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लाल पेशींवर बारीक निळे ठिपके आहेत. असे ठिपके एका गोष्टीकडे बोट दाखवतात, ते म्हणजे शिसं. पोटदुखी, उलट्या, चावत राहणारा जबडा, झटके, सगळं त्याच्याशी जुळतं.”

मी म्हणालो, “बाई, मी एकवीस वर्षं शिशात हात घालतोय. टिंब नऊ वर्षं खिळ्यांखाली झोपला. आम्हाला काही झालं नाही.”

“खिळा घट्ट असतो, आणि तुम्ही जेवायच्या आधी हात धुता, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. इथे शिसं भुकटी होऊन पोटात गेलंय, रोज, थोडं थोडं. तुमच्या भट्टीवर जी साय येते ती तशीच भुकटी. म्हणजे प्रश्न इतकाच की कुलपातली साय कुत्र्याच्या पोटात कशी गेली.”

“भट्टी हाच चालवतो,” मालकांनी उस्तादाकडे बोट केले.

“पण किल्ली माझ्याकडे नसते,” उस्ताद शांतपणे म्हणाला. त्याची छत्री हातातच होती. “मी ओततो, बाहेर येतो. कुलूप काका लावतात.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. या खेपेस त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले नाही, डोळ्यांत पाहिले.

“किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडे. सदैव कमरेला.”

“आणि तुमच्याशिवाय आत कोण जातं?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. ईश्वरसाक्ष सांगतो, मी खोटे बोलत नव्हतो.

“काल दुपारी माझ्या डोळ्यांदेखत ती किल्ली तुमच्या कमरेवरून गेली आणि परत आली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

प्रकरण सहावे : तांब्या

आम्ही सगळे अंगणात गेलो. कुलूप मी काढले. दाराशेजारी दोन डबे, दोन्ही पत्र्याचे, सारख्याच उंचीचे, दोन्हींत करडी पूड. डॉक्टरीणबाईंनी मला डावीकडचा उचलायला सांगितला. मी तो एका बोटावर उचलला. मग उजवीकडचा. तो दोन्ही हातांनी उचलावा लागला.

“लाकडाची राख फुंकरीने उडते,” त्या म्हणाल्या. “काल आत्याबाई म्हणाल्या, यंदाची राख जड आहे, मनगट धरतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, एक दिवस उशीर झाला. बारा दिवस उस्ताद नव्हते, हे सगळ्यांनी मोजलं. आत्याबाई नव्हत्या, हे कोणी मोजलं नाही, कारण त्या घरातल्या. त्या बारा दिवसांत थाळी साबणाने धुतली गेली, काळी पडली, आणि कुत्रा बरा झाला.”

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांना अर्धे ऐकू आले असावे. त्या म्हणाल्या, “थाळी मी राखेनेच घासते. माझ्या आईनं शिकवलं. कुत्र्याच्या थाळीला दोनदा पाणी कशाला घालवायचं, म्हणून एकदाच विसळते. त्यात काय झालं?”

“आत्याबाई, तुम्ही कुठल्या डब्यातून राख घेता?”

“यानं दाखवलेल्या.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “विचार की त्याला. दोन महिने झाले. मी विचारलं, बाबा रे, राख कुठली घेऊ. त्यानं दाखवलं.”

तेव्हा मला ती दुपार आठवली. पट्टी भरत आलेली, चिमटा दातांत. मागचे दार आणि खोलीचे दार दोन्ही उघडी होती, माझ्या जागेवरून डबे दिसत होते. आत्याबाईंनी विचारले. मी मान न वळवता हनुवटी उडवली. माझ्या मनात डावा डबा होता. माझी हनुवटी उजवीकडे गेली असावी, किंवा त्या उभ्या होत्या तिथून ती तशी दिसली असावी. चिमटा काढून ‘डावा’ असे म्हणायला मला किती वेळ लागला असता? परंतु ओळ सांडली असती.

उस्तादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात सहन झाला नाही.

मालक म्हणाले, “म्हणजे थाळीवरची भुकटी चाटून कुत्रा... आणि ठकीचा पेला...”

“पेला त्या दोनदा विसळतात,” मालकीणबाई घाईने म्हणाल्या. “दोनदा, हो ना आत्याबाई? पेल्याला दोनदा पाणी घालता ना?”

“तीनदा घालते,” आत्याबाई म्हणाल्या. “लेकराचा आहे तो.”

सर्वांनी श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंनी मात्र सोडला नाही. त्या आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे हात आपल्या हातांत घेतले. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत करडी होती. बाकी बोटे स्वच्छ.

“भांडी घासणारा हात सगळा मळतो, आत्याबाई. हे एकच बोट का? या राखेचं अजून काय करता?”

आत्याबाई थोड्या लाजल्या. “मला दात कुठे राहिलेत? पण पोरीचे दात किडू नयेत म्हणून घासते रोज सकाळी. फडक्यातून गाळून घेते, मैद्यासारखी. तिला आवडते. गोड लागते म्हणते.”

मालकीणबाई धावत वर गेल्या. त्यांच्या मागोमाग आम्ही सगळे. ठकी खिडकीशी बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तिचा वरचा ओठ हलकेच उचलला. दातांच्या मुळाशी, हिरडीवर, पेन्सिलीने ओढावी तशी एक निळसर काळी रेघ होती.

“मी घाण नाही खाल्ली,” ठकी म्हणाली, आणि तिची डावी पापणी आणि ओठाचा कोपरा माशी बसल्यासारखे फडफडले.

प्रकरण सातवे : ओळ

मोठ्या इस्पितळात ठकी एकोणतीस दिवस होती. तिसऱ्या दिवशी तिला झटका आला, एकच. रक्तातले शिसे खेचून काढणारी इंजेक्शने दिवसाआड होती. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर आम्हाला काही करता आले नसते. उस्ताद रोज यंत्र बंद करून संध्याकाळी तिथे जाई व बाकड्यावर बसून राही. मालकांनी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “कुत्रा जिवंत असता तर मी रुसलो असतो. आता काय रुसायचं?”

आत्याबाईंना आम्ही सांगितले की दोष डब्यांचा होता. त्यांनी ते ऐकून घेतले. तेव्हापासून त्या कोणाच्या ताटाला हात लावीत नाहीत. स्वतःचे ताटसुद्धा दुसऱ्याने वाढल्याशिवाय घेत नाहीत. दिवसभर उजवे बोट लुगड्याला पुसत असतात.

मी मालकांकडे गेलो आणि म्हणालो, डबे मी एकासारखे एक ठेवले, त्यांवर चिठ्ठी लावली नाही, आणि विचारल्यावर बोललो नाही. मला काढून टाका. मालक म्हणाले, “तुम्हाला काढून माझं काय परत येणार आहे?” आणि कामाला लागले. याहून कठोर शिक्षा कोणी देऊ शकला नसता.

भट्टी मोडून टाकली. टिंबाची थाळी डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या. त्या मला म्हणाल्या होत्या, “त्या कुत्र्याने दीड महिना तुम्हाला ओरडून सांगितलं, काका. त्याच्या अंगावर ते आधी उमटलं म्हणून पोरगी जिवंत आहे.”

ठकी आता सात वर्षांची आहे. दुपारी ती माझ्या शेजारी पेटीवर बसते. मी तिला मोठ्या खिळ्यांवरून अक्षरे शिकवतो, आधी साबणाने खिळे धुऊन आणि नंतर तिचे हात धुऊन. सोमवारी ती ‘क’ ओळखते. मंगळवारी ओळखत नाही. बुधवारी माझ्याकडे बघून हसते, कारण मला वाईट वाटलेले तिला कळते, पण का वाटले ते कळत नाही. इस्पितळातले म्हणतात की काही सुधारेल, काही राहील. काय राहील, ते अजून सांगता येत नाही.

काल मी एक ओळ भरत होतो. अखेरचा शब्द उरला होता. चिमटा मी आता दातांत धरीत नाही, खिशात ठेवतो. ठकीने माझी बाही ओढली आणि विचारले, “खिळेकाका, टिंब दवाखान्यातून कधी येणार?”

मी हातातली पट्टी खाली ठेवली. ओळ सांडली, सगळी अक्षरे फरशीवर पसरली. मी ती तशीच राहू दिली, तिच्याकडे पुरता वळलो, आणि तिला तोंडाने सांगितले.